सीनेच्या डोहावरची शिरगणती

सरकारी नमुन्यात शेवटचा रकाना 'शेरा' असा असतो आणि तो सगळ्यात अरुंद असतो. नमुना आखणाऱ्याला जगात सांगण्यासारखे फार काही घडत नाही असे वाटत असावे. पस्तीस वर्षे कारकुनी केल्यावर मला एवढे कळले की खरा मजकूर त्या रकान्यातच असतो आणि तिथे तो मावत नाही. न मावलेला मजकूर मग माणसाच्या डोक्यात साठत जातो. निवृत्तीनंतर तीन वर्षे मी माशांच्या मोजणीवर होतो. तेव्हाचे इतके साठले आहे की घरातली माणसे आता मी तोंड उघडले की टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून तुम्हाला सांगतो.

नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शिंदे मॅडमनी सीना नदीतल्या माशांची पाहणी काढली होती. वर्षातून महिना-महिन्याच्या तीन फेऱ्या: पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर. नदीत कोणते मासे आहेत, किती आहेत, आणि रविवारी हौसेने गळ टाकायला येणारी मंडळी त्यातले किती नेतात, हे लिहून ठेवायचे. मॅडमना असा माणूस हवा होता, जो तेच तेच त्याच त्या रकान्यात न कंटाळता लिहील. कुणीतरी माझे नाव सुचवले. सुचवणाऱ्याचा हेतू स्तुतीचा नव्हता, पण निवड चुकली नाही.

आमच्या टोळीत मॅडम, मी आणि जीपवाला नामदेव. नामदेव पाथर्डीचा. ऊसतोडीची माणसे कारखान्यावर पोचवण्यात त्याची उमर गेलेली. गळ्यात तुळशीची माळ. माशाला हात लावणार नाही, मासा ठेवलेल्या टबालाही लावणार नाही, आणि जीप मात्र दिवसभर माशांसाठी पळवणार. "पाप करायचं नाय," तो म्हणायचा, "पापाचं भाडं घ्यायला हरकत नाय."

चौथे दगडूअण्णा. मिरजगावच्या अलीकडे सीनेला एक डोह आहे. नदी आटून वाळूत गडप होते तेव्हाही त्यात पाणी असते. अण्णा भोई. बापाच्या वेळेपासून त्या डोहावर त्यांचे जाळे. ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसून, हाताने पाणी मारत ते डोहभर असे फिरायचे की मंत्र्यालाही आपल्या गाडीत तसे बसता येत नसेल.

अण्णांचे मागणे एकच होते. मरळ माशाला पिल्ले असतात ते पावसाळ्याचे महिने डोहावर गळ बंद करावा. ते स्वतः त्या दिवसांत जाळे वाळत टाकायचे. गळवाल्यांच्या क्लबचा अर्ज नेमका उलटा: बारा महिने परवानगी द्यावी. दोन्ही अर्ज मत्स्य खात्याच्या वरच्या कार्यालयात एकाच फायलीत पाठीला पाठ लावून पडले होते. आमची पाहणी संपली की साहेब स्वतः येऊन डोह बघणार आणि काय ते ठरवणार.

मरळ संपली तर डोहात बाहेरून आलेल्या चिलापी माशाखेरीज काही राहायचे नाही आणि आपल्याला जाळे गुंडाळून चाकणला मुलाकडे जावे लागेल, हे अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले. मुलगा तिसऱ्या मजल्यावर राहायचा.

"चांगलं घर असेल की," मी म्हणालो.

"चांगलं हाय. पन तितं पानी नळाला येतं, भाऊसाहेब. त्यात काय धरू?"

* * *

पहिल्याच दिवशी मोठी अडचण आली. ज्यांच्या भरवशावर माशांची मोजणी करायची, ते अण्णा मासे मोजत नसत.

"मोजलं की बरकत जाती," त्यांनी मॅडमना शांतपणे सांगितले.

"अहो अण्णा, पण मग किती मासे मिळाले हे कसं कळणार?"

"बगून कळतंय की. हायेत. बरे हायेत. लई न्हाईत."

मी रजिस्टरला तीन उभ्या रेघा मारून 'हायेत', 'बरे हायेत' आणि 'लई न्हाईत' असे रकाने पाडले. मॅडमनी ते पान फाडले. मी दुखावलो नाही. फाडलेल्या पानाचा मी सेवेत बराच अनुभव घेतला होता.

शेवटी अण्णांनीच तोड काढली. आकडा उच्चारायचा नाही, पण जाळ्यातून मासा काढून टबात टाकताना त्याला नाव द्यायला देवाची हरकत नसावी. त्यांनी नातलगांची नावे घ्यायला सुरुवात केली. "हा गोपाळमामा. ही ठकूआत्या. हा आमचा साडू, बगा कसा त्वांड वासून हाय." मी प्रत्येक नावाला एक काडी ओढायचो. हिशेब चोख जमायचा.

दिवाळीनंतरच्या फेरीत एका सकाळी जाळे भरून आले. मामा, आत्या, सोयरे, व्याही सगळे टबात गेले, तरी मासे येतच होते. अण्णा थांबले. नातलग संपले होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि गावच्या सोसायटीचे संचालक मंडळ सुरू केले.

संध्याकाळी मॅडम रजिस्टर तपासत होत्या. एका ओळीवर त्यांचे बोट थांबले. तिथे माझ्या स्वच्छ अक्षरात लिहिले होते: 'चेअरमन. सात इंच. वजन किरकोळ. सोडून दिला.'

* * *

नामदेव माशाला हात लावत नसला तरी नजर लावायचा. टबापासून चार हात लांब उभा राहून सांगायचा, "चौदा इंच." मग मॅडम फूटपट्टीच्या फळीवर मासा ठेवायच्या, मासा चौदा इंच भरायचा. असे दोन दिवस झाल्यावर त्यांनी त्याला विचारले, हे येते कसे.

"आयुष्यभर उसाच्या मोळ्या बघितल्या, मॅडम. त्याच्याम्होरं हा केवढा?"

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "साडेअकरा." फळीवर बारा भरले. मॅडमना उगाच बरे वाटले. नामदेव लांबूनच म्हणाला, "शेपूट दाबलंया तुमी." शेपूट खरेच दाबले गेले होते. त्यानंतर मॅडम फळी आणायच्या, पण धुवून तशीच परत न्यायच्या.

एकदा शिंगट्याचा काटा माझ्या अंगठ्यात घुसला. शिंगट्याला मिशा असतात आणि पंखात असा काटा असतो की तो लागला म्हणजे माणसाला मेलेले वाडवडील आठवतात. मी वाळूत बसून विव्हळत होतो. अण्णा बघायला आले, नामदेव आला. नामदेवने लांबूनच अंदाज घेतला आणि म्हणाला, "पाव इंच."

* * *

रविवारी गळवाले यायचे. नगरहून, पुण्याहून. डोक्यावर रुंद टोप्या, घडीच्या खुर्च्या, आणि रंगीत प्लास्टिकचे असे मासे की ते बघून खऱ्या माशाला आपल्याच जन्माची लाज वाटावी. त्यांच्याकडून फॉर्म भरून घेणे माझ्याकडे होते. किती वेळ बसलात, किती पकडले, किती सोडले.

भोई मासे कमी सांगतो, हे मला एव्हाना कळले होते. गळवाल्याचे उलटे. त्याच्याकडे आजचा आकडा नसतोच. त्याच्याकडे गेला रविवार असतो.

"आज काही नाही हो काका. पण गेल्या रविवारी याल तर..."

"गेल्या रविवारी मी इथेच होतो."

"मग तुम्ही गेल्यानंतर."

पुण्याचे एक दातांचे डॉक्टर दर रविवारी यायचे. त्यांनी फॉर्मवरच हरकत घेतली. 'पकडलेले' आणि 'सोडलेले' असे दोनच रकाने आहेत, 'सुटलेले' हा रकाना नाही, हा हौशी लोकांवर अन्याय आहे. अन्यायाचा अर्ज आला की रकाना वाढवावा, असे माझे तत्त्व होते. पुढच्या रविवारपासून तिसरा रकाना सुरू झाला. हंगाम संपला तेव्हा असे दिसले की सीना नदीतले सगळे मोठे मासे त्याच रकान्यात राहतात. डॉक्टरांचा एकटा कटलाच महिन्याभरात चार वेळा सुटला होता आणि प्रत्येक वेळी दोन-दोन किलोंनी वाढला होता.

मी अण्णांना ते पान वाचून दाखवले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

"ह्ये सुटल्यालं मासं," ते म्हणाले, "धरायला न्हाई, पन बगायला तरी येकदा गावलं पायजेत."

* * *

दुसऱ्या वर्षी मॅडमनी माशांना बिल्ले लावले. पाठीच्या पंखाजवळ नखाएवढा पिवळा बिल्ला, त्यावर नंबर. मासा सोडायचा. तो पुन्हा कुठे सापडला की कळते, नदीत मासे किती लांब जातात. 'बिल्ल्याचा मासा सापडल्यास कळवावे' अशी पाटी मी स्वतः रंगवून गावात लावली.

तीन आठवडे कुणीच कळवले नाही. मॅडमचा अंदाज, मासे वर धरणाकडे गेले असावेत. त्यांनी त्यावर एक टिपणही लिहायला घेतले.

मग नामदेव मिरजगावच्या आठवडी बाजारातून भाजी घेऊन परतला. म्हणाला, "मॅडम, तुमचं मासं धरणाकडं नाय गेलं. वांग्याच्या पलीकडं बसलंया."

आम्ही तिघे गेलो. अण्णांची बायको पारूबाई माशांची पाटी घेऊन बसली होती. एका बाजूला साधे मासे. दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यावर ओळीने मांडलेले बिल्ल्याचे. गिऱ्हाईक बिल्ल्याच्या बाजूलाच.

"ह्यो घ्या वहिनी, तपासल्याला हाय. नगरच्या डाक्तरीनबाईंनी येकेकाला हातात घिऊन बगितलाय. नंबर टाकलाय वर. नंबर काय उगं टाकत्यात व्हय?"

तेवढ्यात तिला मॅडम दिसल्या. मला वाटले बाई ओशाळेल. ती उठून पुढे आली, मॅडमचा हात धरला आणि त्यांना गिऱ्हाइकांसमोर उभे केले.

"ह्याच त्या," ती म्हणाली.

बिल्ल्याचे मासे पाच मिनिटांत संपले. जाताना पारूबाईने बिल्ले सोडवून मॅडमच्या ओंजळीत दिले. एकही हरवला नव्हता. "फुडच्या बाजाराला आनि लावून द्या," ती म्हणाली. "जरा ठळक नंबर टाका, म्हाताऱ्या मानसांना दिसत न्हाई."

* * *

एक गोष्ट हसण्याची नाही. तीही त्याच वर्षीची, श्रावणातली.

मरळ हा मासा पिल्ले राखतो. पिल्ले तांबडी लाल असतात आणि शेकड्यांनी एकत्र, पाण्याच्या वरच्या अंगाला कुंकू सांडल्यासारखी फिरतात. खाली आई असते. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, बापसुद्धा राखतो बरं का. बऱ्याचदा दोघं मिळून राखतात."

"आसंल," अण्णा म्हणाले. "पन गावात सांगू नका. बाया आमचं जगनं अवघड करतील."

गळवाल्याला हा लाल घोळका म्हणजे आयते आमंत्रण. घोळक्याच्या मध्यावर गळ टाकायचा. मरळीला भूक नसली तरी ती पिल्लांवर आलेल्या वस्तूवर झडप घालतेच. त्या रविवारी एका पोरसवदा गळवाल्याने तशी एक मरळ काढली, फोटो काढला आणि तो खुशीत निघून गेला. काठावर बसून आम्ही बघत राहिलो. आधी चिलापी आल्या. मग पाणकावळे. तांबडा डाग आक्रसत आक्रसत हाताच्या पंज्याएवढा झाला, आणि मग नुसतेच पाणी.

अण्णा उठले. ट्यूबमधली हवा सोडली, ती खांद्यावर टाकली आणि घरी गेले.

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'पिल्ले सकाळी होती. दुपारी नव्हती.' तेवढे मावले.

* * *

तिसऱ्या वर्षी, पुन्हा श्रावणात, साहेब आले.

साहेब वाईट माणूस नव्हता. मॅडमचा अहवाल वाचला आहे असे ते तीनदा म्हणाले, त्यावरून तो वाचलेला नाही हे कळत होते, पण एवढे सरकारी खात्यात चालायचेच. दोन्ही बाजूंचा विचार करू, मधला मार्ग काढू, असे ते बोलत होते. बोलता बोलता त्यांचे लक्ष पलीकडच्या बाभळीखाली गेले. तिथे पाण्यावर तांबडा घोळका फिरत होता. साहेबांचे वाक्य अर्ध्यात राहिले.

ते गाडीकडे गेले आणि डिकीतून लांब पिशवी घेऊन आले. पिशवीतून गळाचा रॉड निघाला.

"पाहणीचाच एक भाग म्हणून," साहेब म्हणाले. "प्रत्यक्ष बघितल्याशिवाय लिहिता येत नाही."

मॅडमनी तोंड उघडले. त्यांच्या आधी अण्णा बोलले.

"टाका की साहेब. तुमास्नी कोन नगं म्हननार?"

मॅडमनी अण्णांकडे असे बघितले की दुसरा माणूस डोहात उतरला असता. मीही चकित झालो. तीन वर्षे ज्यासाठी रजिस्टर भरले, ते हा माणूस एका वाक्यात बुडवून मोकळा झाला होता. चाकणचा तिसरा मजला मला स्पष्ट दिसू लागला.

साहेबांची दुसरीच फेक घोळक्यावर पडली. पाणी उसळले, रॉड वाकला आणि पाच मिनिटांत हातभर मरळ काठावर आली. त्यांच्या ड्रायव्हरने फोटो काढले. साहेब दहा वर्षांनी लहान दिसत होते.

अण्णा पाण्याने भरलेली बादली घेऊन आले. मरळीच्या तोंडातला गळ त्यांनी अलगद सोडवला, मरळ बादलीत ठेवली आणि वर ओले गोणपाट टाकले. मग काठावरच्या सपाट दगडावर एक पोते अंथरले. शेजारी मूठभर खडे ठेवले.

"बसा साहेब."

"कशाला?"

"पिल्लं राखाया. आमच्या डोहाची रीत हाय. ज्यानं आय धरली, त्यानं पिल्लं राखायची."

साहेब हसले. दुसरे कुणी हसले नाही.

"किती वेळ?"

"वेळ न्हाई साहेब. ती आपली आपन पांगंस्तवर. पंदरा-वीस दीस धरा."

साहेबांनी माझ्याकडे बघितले. मी रजिस्टरात बघितले. नामदेव जीपला टेकून उभा होता, माळेचा एक मणी फिरवत.

"मागं एकानं मोडली व्हती," तो म्हणाला.

"मग? काय झालं?"

"सकाळच्या पारी त्याचं नाव नगं, साहेब."

साहेब बसले. नुसते टेकावे तसे, पाच मिनिटांसाठी. तोवर बातमी गावात गेली होती. पारूबाई शेजारच्या दोघींना घेऊन चहा आणि गरम भजी घेऊन आली. "राखनीला बसल्याला मानूस उपाशी ठिवत न्हाईत," तिने सांगितले. दोन म्हातारे येऊन लांब बसले आणि साहेबांकडे आदराने बघू लागले. आता उठणे अवघड झाले.

पहिली चिलापी आली तेव्हा साहेबांनी बसल्या जागेवरून एक खडा टाकला. दुसरीला दोन टाकले. मग चिलापींची झुंड आली आणि खडे संपले. साहेब उभे राहिले. ड्रायव्हर छत्री घेऊन मागे मागे. पाणकावळ्याने बुडी मारली तेव्हा साहेब त्याच्यावर जे ओरडले, ते कार्यालयात कुणी त्यांच्या तोंडून ऐकले नसेल.

अर्ध्या तासाने त्यांनी मला जवळ बोलावले.

"मघाशी जास्त होती ना हो? की मला वाटतंय?"

"सकाळची नोंद माझ्याकडे आहे, साहेब. आत्ताची घेऊ?"

"नको," साहेब म्हणाले. "नको, लिहू नका."

अण्णा लांब बाभळीच्या मुळीवर बसून जाळ्याची भोके विणत होते. एकदाही मान वर केली नाही.

शेवटी साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गोणपाट बाजूला करून बादली उचलली. ड्रायव्हर पुढे झाला, त्याला त्यांनी मागे सारले. कमरेइतक्या पाण्यात गेले, दुमडलेली पँट गेलीच, आणि तांबड्या घोळक्याजवळ बादली हळूच कलती केली. मरळ क्षणभर तशीच राहिली. मग पाण्यात एक काळी रेघ गेली आणि चिलापी फुटाण्यासारख्या चहूकडे उडाल्या.

साहेब रिकामी बादली घेऊन काठाकडे वळले.

बाहेर आल्यावर त्यांनी फाइल मागितली आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून ओल्या हातानेच लिहिले. पावसाळ्याचे महिने डोहावर गळ बंद. सही केली. मग पेन थांबले.

"या रीतीचा उल्लेख करावा लागेल. मॅडम, तुमच्या अहवालात आहे ना?"

"परिशिष्टात आहे," मॅडम म्हणाल्या.

अहवालाला परिशिष्ट नव्हते.

गाडी वळून रस्त्याला लागली. धूळ बसली. अण्णा आले, पोते झटकले, उरलेले भजे तोंडात टाकले. मी रजिस्टर उघडून बसलो होतो.

"अण्णा, तीन वर्षांत ही रीत मला कुणी सांगितली नाही. नोंद करायची आहे. किती जुनी आहे?"

अण्णांनी भजे खाऊन संपवले, डोहात हात धुतले.

"सायबानं डिकी उगडली," ते म्हणाले, "तवापसनं हाय."